चौथऱ्यावरचा वाडगा

"खा! कच्चा खा! चावून चावून खा!"

लोहाराने कोठीच्या कारकुनाची मान धरून त्याचे तोंड बटाट्यांच्या पोत्यात खुपसले होते. कारकून हवेत पाय झाडत होता. त्याचा चष्मा आत कुठेतरी गेला होता आणि ओरडणेही आतच अडकले होते. बाहेर येत होता तो फक्त धुरळा. तीन पावलांवर आचारी उभा होता. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात अर्धा कापलेला बटाटा. त्याचे लक्ष कारकुनाकडे नव्हते, बटाट्याकडे होते. सालीचा हिरवेपणा गाभ्यापर्यंत उतरला होता, जुन्या माराचा डाग कातडीखाली उतरावा तसा.

"सोड त्याला," आचारी म्हणाला. "त्याचं काही झालं तर तुझंही संपेल."

"काका, हे तुम्ही बघितलंत ना? ढोर तोंड लावणार नाही याला!"

"बघितलं. आता सोड."

लोहार खरोखरच लोहार होता. सात वर्षांपूर्वी, भट्टीवर, स्वतःच्या भागीदाराच्या डोक्यात त्याने घण घातला होता. तुरुंगात आल्यावर त्याला भटारखान्यात लावले, कारण दोघांना न हलणारा हंडा तो एकटा उचलत असे. आचाऱ्याच्या शब्दावर त्याने एक हात सैल केला. दुसरा सैल व्हायच्या आतच तीन शिपाई दारातून घुसले.

पहिला दंडुका गुडघ्यावर बसला, दुसरा पाठीवर. तिसरा अडवायला लोहाराने हात वर केला, आणि भटारखान्यात एक आवाज झाला. जाड गाजर मोडताना होतो तसा, ओला आणि कोरडा एकदमच. लोहार ओरडला नाही. मनगटाच्या वर हाताला एक नवीन सांधा आला होता, त्याच्याकडे तो नवलाने पाहत राहिला. मग त्याला पायांना धरून ओढत नेले. डोके उंबऱ्यावर आपटले, तेव्हा शिपायांपैकी एक म्हणाला, "अरे, जपून. उंबरा फुटेल." दुसरा हसला.

कारकून पोत्यातून बाहेर आला. ओठांना माती होती आणि बटाट्याचा एक पांढरा कोंब कानामागे फुलासारखा अडकला होता. याला मात्र कुणी हसले नाही.

"सगळी एकोणीस पोती अशीच आहेत?" आचाऱ्याने विचारले.

"उघड्यावर पडून होती महिनाभर." कारकून चष्मा चाचपत होता. "मला काय विचारता? वरून सही झाली आहे. आणि कोठीत दुसरं काही नाही. पाव तर त्या दिवसापासून बंदच आहे."

तो दिवस सर्वांना ठाऊक होता. नऊ दिवसांपूर्वी पावात अळ्या निघाल्या होत्या. कुणीतरी वाडगा भिरकावला, मग शंभरांनी भिरकावले, आणि तटावरून गोळ्या सुटल्या. दोघे मेले. अंगणाच्या भिंतीवरची भोके गवंड्याने सिमेंटने बुजवली होती. ते ठिपके अजून ओले असल्यासारखे काळसर दिसत. तेव्हापासून तटावर बंदुका दुप्पट झाल्या होत्या, आणि अधीक्षकांनी गिनतीच्या वेळी सर्वांना ऐकवले होते की यापुढे एक वाडगा उडाला तरी इशारा मिळणार नाही.

कोपऱ्यात मास्तर बटाटे सोलत बसले होते. पांढऱ्या भुवयांचा, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला म्हातारा. बाहेर तीस वर्षे त्यांनी भूगोल शिकवला होता आणि एका संध्याकाळी छत्रीच्या टोकाने शेजाऱ्याचा जीव घेतला होता. का, ते त्यांनी कोर्टालाही सांगितले नव्हते.

"बटाट्याला उजेड लागला की तो हिरवा होतो," ते सालीकडे पाहत म्हणाले. "आपल्याला लागत नाही, म्हणून आपण पांढरे."

"मास्तर, साल कितीही जाड काढलीत तरी उपयोग नाही. आतपर्यंत आहे."

"ठाऊक आहे. हाताला काहीतरी काम हवं."

आचाऱ्याने एक पातळ काप जिभेवर ठेवला. आधी कडू, मग घशात निखाऱ्याची रेघ. तो थुंकला. हिरवा बटाटा उकडला तर मऊ होतो. त्याच्यातले विष मऊ होत नाही. ही गोष्ट त्याला कुणी शिकवली नव्हती. चाळीसहून अधिक वर्षे रोज बटाटा खाणाऱ्या माणसाच्या जिभेला ती आपोआप कळलेली होती.

तो सुरी ठेवून, हात पुसून, अधीक्षकांकडे गेला.

वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीची खिडकी थेट अंगणावर उघडत असे. साहेब टेबलावर रुमाल पसरून अंडे सोलत होते. अंड्याचे टरफल एकाच तुकड्यात निघावे, याकडे त्यांचे सारे लक्ष होते.

"साहेब, आजचा माल चालणार नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"तू?" साहेबांनी मान वर केली. "तू तर रोज बटाटेच खातोस. आमच्या घरी तुझी बायको सांगत होती, सणावारालासुद्धा तेच. हसून हसून पोट दुखलं आमचं."

"म्हणूनच म्हणतो. रोज खाणाऱ्याला कळतं."

टरफल तुटले. साहेबांनी सुस्कारा सोडला.

"हे बघ. दोन गोष्टी होऊ शकतात. एक, तू चौथऱ्यावर खाशील, तुझे ते दोन शब्द म्हणशील आणि ते जेवतील. उद्या पोटं बिघडतील. बिघडू देत. दुसरी, तू थुंकशील. मग वाडगे उडतील. मग तटावरून काय उडेल, ते तू मागच्या वेळी पाहिलंस."

"पोट बिघडण्यावर थांबणार नाही, साहेब. आत म्हातारी माणसं आहेत."

"म्हातारी माणसं कशानेही मरतात." त्यांनी अंड्याला मीठ लावले. "तिसरी काही गोष्ट तुला सुचत असेल तर सांग. मला तर सुचत नाही."

आचाऱ्यालाही सुचत नव्हती. तो जिना उतरला.

तो चौथरा आणि ते दोन शब्द म्हणजे या तुरुंगाचा सर्वांत जुना नियम होता. फार वर्षांपूर्वी, कुजलेल्या जेवणाने एका रात्रीत बावीस कैदी गेले होते. तेव्हापासून असे ठरले की जेवण अंगणात आले की आचाऱ्याने चौथऱ्यावर चढायचे, हंड्यातून वाडगा भरायचा आणि सर्वांच्या देखत पहिला घास गिळायचा. तोवर प्रत्येक कैद्यापुढे त्याचा वाडगा जमिनीवर पालथा असे. आचाऱ्याने "येऊ द्या" म्हटले, की तीनशे चाळीस वाडगे एकाच वेळी उताणे होत. त्या खणखणाटाने छपरावरची कबुतरे उडत. सव्वीस वर्षे कबुतरे या आचाऱ्याच्याच शब्दावर उडत होती.

कैदी त्याला काका म्हणत, आणि त्याच्यावर विनोदही करत. काकांना फाशी झाली तर शेवटची इच्छा म्हणून बटाटाच मागतील. काका बटाटा खाताना डोळे मिटतात, तेव्हा समजावे की स्वर्गातही बटाटेच पेरले आहेत. पण त्या मिटलेल्या डोळ्यांवर ते जेवत. त्याला घास आवडला हे चेहऱ्यावर दिसे, आणि ज्या जागी कुणाच्याही चेहऱ्यावर काही खरे दिसत नसे, तिथे तेवढे एक खरे होते.

हंड्यात पाणी खदखदू लागले. आचारी डाव फिरवत राहिला. वाफेत नेहमीसारखा तो सहा वर्षांचा झाला.

बाप हमाल होता. घरी आला की हात रिकामे, आणि रिकाम्या हातांना काम लागे. त्या संध्याकाळी आईने चुलीवरून भांडे उतरवले होते. बापाने ते लाथेने उडवले. उकडलेले बटाटे खोलीभर घरंगळले. एक खाटेखाली आला, जिथे तो लपला होता. वर आईचे डोके भिंतीवर आपटत होते, ठराविक अंतराने, कुणी संथपणे दार ठोठावावे तसे. खाली अंधारात त्याने तो बटाटा उचलला. बोटे भाजली. त्याला दोन दिवसांची भूक होती. त्याने फुंकर घातली आणि खाल्ला. सालीसकट, माती लागलेला, गरम, गोडसर. इतके चांगले त्याने आयुष्यात काही खाल्ले नव्हते. ठोठावणे थांबले, तेव्हा तो बोटे चाटत होता.

आई त्यातून उठली. आणखी नऊ वर्षे जगली. पण तो घास त्याच्या तोंडातून गेला नाही. लोक त्याच्या आवडीला हसत तेव्हा तोही हसे. दर दिवशी तो तीच चव शोधत होता, आणि दर दिवशी ती सापडत होती. तिच्यातले सुख आणि तिच्यातली शरम त्याला कधी वेगळी करता आली नाही.

दुपारी हंडा अंगणात आला. लोहार नव्हता, म्हणून चौघांनी आणला.

ऊन पांढरे होते. तीनशे चाळीस माणसे रांगांनी बसली होती, पुढ्यात पालथे वाडगे. दुरून पाहिले तर कासवांचा कळप किनाऱ्यावर येऊन थांबला आहे असे वाटावे. तटावर बंदुकांच्या नळ्या उन्हाने चमकत होत्या. वरच्या खिडकीत साहेब उभे होते. चौथऱ्याच्या पायरीशी जमादार होता. रुंद छातीचा, तोंडात सतत लवंग चघळणारा माणूस.

आचारी चढला. वाडगा भरला. पहिला घास घेतला.

घसा पेटला. त्याने डोळे मिटले नाहीत. गिळला. समोरची माणसे त्याच्या ओठांकडे पाहत होती. मास्तर पहिल्या रांगेत होते.

"बोल," जमादार खालून कुजबुजला.

आचाऱ्याने दुसरा घास घेतला.

रांगांतून हसू फुटले. "काका, भूक लागली वाटतं!"

"आमच्यासाठी ठेवा हो थोडं!"

तिसरा. चौथा. त्याने वाडगा संपवला, तळ बोटाने पुसून चाटला, आणि पुन्हा हंड्यातून भरला. हसू वाढले, मग विरळ झाले, मग एकदम थांबले. तो दुसरा वाडगा खात होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. थुंकत नव्हता. बोलतही नव्हता. थुंकला असता तर वाडगे उडाले असते. बोलला असता तर वाडगे उताणे झाले असते. तो फक्त जेवत होता, आणि त्याचे जेवण चालू आहे तोवर नियमाने कुणाचेच जेवण सुरू होऊ शकत नव्हते.

मास्तरांना सर्वांत आधी उमगले. त्यांनी तळहात आपल्या पालथ्या वाडग्यावर ठेवला आणि दाबून धरला. शेजाऱ्याने त्यांच्याकडे पाहिले आणि तसेच केले. मग त्याच्या शेजाऱ्याने. काही न बोलता हात शेवटच्या रांगेपर्यंत पोचले.

"बोल, भडव्या!" जमादार वर चढला. दंडुका आचाऱ्याच्या कमरेत बसला. तो वाकला, वाडगा सांडू दिला नाही, आणि वाकलेल्या स्थितीतच पुढचा घास घेतला. दुसरा फटका बरगड्यांवर. तिसरा मानेवर. तिसरा वाडगा. चौथा. पोटात काहीतरी पिळवटून वर येत होते. त्याने दात आवळून ते परत खाली ढकलले. ओकला असता तर सगळे संपले असते.

"काय खातो आहेस? तुझ्या बापाचं श्राद्ध आहे का? बोल!"

जमादाराने हंड्यातला डाव उपसला. आचाऱ्याचाच डाव, लांब दांड्याचा, लोखंडी, सव्वीस वर्षांत त्याच्या तळव्याच्या आकाराचा झालेला. तो आडवा फिरला आणि आचाऱ्याच्या जबड्यावर बसला. खालचे दोन दात वाडग्यात पडले. आचाऱ्याने ते पाहिले. बोटांनी वेचून काढले, खिशात ठेवले, आणि लाल झालेला घास तोंडात घातला.

कुठेतरी एक माणूस हुंदका देऊन उठू लागला. दोघांनी त्याला खांद्यांना धरून खाली बसवले.

जमादार आता खाली धावला. पहिल्या रांगेत शिरून त्याने मास्तरांच्या वाडग्याला बुटाची लाथ दिली. वाडगा उताणा झाला. "चल, घे! वाढा रे याला!" मास्तरांनी हात पुढे केला, वाडगा उचलला आणि पुन्हा पालथा ठेवला. दंडुका त्यांच्या बोटांवर पडला. एका शिपायाने वाडगा उताणा केला. मास्तरांनी दुसऱ्या हाताने तो पालथा घातला. वर्गात मुलाने उलटे ठेवलेले पुस्तक सरळ करावे, तितक्या शांतपणे. दंडुका त्या हातावर पडला. मग डोक्यावर. मास्तर आडवे झाले, आणि त्यांची छाती वाडग्यावर आली. वाडगा पालथाच राहिला.

शिपाई रांगांतून धावू लागले. बूट, पाठी, दंडुके, फुटलेल्या भुवया. ते वाडगे उताणे करत आणि माणसे ते पालथे घालत. कुणी शिवी दिली नाही. कुणी हात उगारला नाही. तटावरच्या नळ्या पुढे झुकून वाट पाहत होत्या. त्यांना एक वाडगा हवा होता, एकच, हवेत. तीनशे चाळीसांपैकी एकही जमिनीपासून वीतभर उंच गेला नाही.

सातव्या वाडग्याला आचाऱ्याला समोरची माणसे दिसेनाशी झाली. अंगण खाटेखालच्या अंधाराएवढे झाले. वर कुणीतरी ठोठावत होते, ठराविक अंतराने. या वेळी त्याने मोठ्याने म्हणायचे ठरवले होते, थांबा, पुरे, मारू नका तिला. पण तोंडात घास होता. तो गिळण्याआधीच चौथरा त्याच्या गालाला लागला.

वरच्या खिडकीतून साहेबांनी हात हलवला. हंड्यावर झाकण पडले.

अहवालात लिहिले गेले की आचाऱ्याची प्रकृती अतिआहारामुळे बिघडली. एकोणीस पोती मागच्या मैदानात खड्डा खणून पुरली. दोन दिवस कैद्यांना मीठपाणी मिळाले, तिसऱ्या दिवशी पाव. मास्तर सहाव्या दिवशी गेले. त्यांचा चष्मा, काडीचा दोरा तसाच असलेला, कोठीत जमा झाला. लोहाराचा हात वाकडा जुळला.

आचारी अकरा दिवस रुग्णालयात होता आणि मग घरी आला. घर म्हणजे तुरुंगाच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या दोन खोल्या. जबडा तारेने बांधला होता, तो पाचव्या आठवड्यात सुटला. बायको त्याला पातळ खिमट भरवत असे आणि बोलत असे, दोघांच्या वाटचे.

"साहेबांचा निरोप आला आहे," ती एका सकाळी म्हणाली. "सोमवारी या म्हणतात. नवा आचारी रोज चौथऱ्यावर उभा राहून 'येऊ द्या, येऊ द्या' ओरडतो. कुणी वाडगा सरळ करत नाही. तासभर तसेच बसतात म्हणे, मग गार झालेलं कसंबसं खातात. तुमच्याशिवाय त्यांचा घास उतरत नाही."



तिला एक गोष्ट ठाऊक नव्हती. डाव बसला त्या दिवसापासून त्याच्या तोंडाला कसलीच चव येत नव्हती. खिमट, दूध, औषध, सगळे सारखे, ओल्या कापडासारखे. डॉक्टरांना त्याने विचारले होते, परत येईल का? डॉक्टर म्हणाले होते, डोक्याचा मार आहे, सांगता येत नाही. बायकोला त्याने सांगितले नव्हते.

दुपारी तिने ताट आणले. ताटात एक उकडलेला बटाटा होता. पांढरा, फुटलेला, वाफ निघणारा.

"बाजारात पंचवीस उलटेपालटे करून आणला आहे. भाजीवाला म्हणाला, मावशी, बटाटा घेता आहात की जावई?" ती हसली. तो हसला नाही. त्याने ताटाकडे पाहिले, आणि त्याचा हात मांडीवरून हलला नाही.

"आज नको," तो म्हणाला.

एकतीस वर्षांच्या संसारात हे शब्द तिने त्याच्या तोंडून बटाट्याबाबत ऐकले नव्हते. याच बटाट्यावरून ती त्याला चिडवत आली होती. एक दिवस पोटात मळा लागेल तुमच्या, म्हणत आली होती. तिने स्वतः मात्र त्याला कधी तोंड लावले नव्हते. लहानपणी गरम बटाटा तिच्या घशात अडकला होता, ती निळी पडली होती, आणि चुलत्याने उलटी धरून पाठीत मारले तेव्हा वाचली होती. तेव्हापासून ती त्याच्यासाठी बटाटे उकडत असे, सोलत असे, वाढत असे आणि स्वतः दुसरे काही खात असे.

ती त्याच्यासमोर बसली. ताठ, मांडी घालून, चौथऱ्यावर बसावे तशी. बटाट्याचा तुकडा मोडला. मीठ लावले. तो तुकडा हातात धरून तिने एकदा डोळे मिटले, आणि तोंडात घातला.

तो तिच्या घशाकडे पाहत राहिला. घास कुठे आहे ते दिसत होते. मध्येच अडला. तिची बोटे ताटाच्या कडेवर पांढरी झाली, डोळ्यांत पाणी तरळले. मग तो हळूहळू खाली उतरला.

आजवर कुणीही त्याच्यासाठी पहिला घास खाल्ला नव्हता.

तिने ताट त्याच्याकडे सरकवले.  त्याने तुकडा उचलला. डाव्या बाजूने, जिथे दात होते तिथून, बराच वेळ चावला. बाहेर, भिंतीपलीकडे, जेवणाची घंटा झाली, आणि दोघेही ऐकत राहिले. कबुतरे उडाली नाहीत.

"कसा आहे?" तिने विचारले.

त्याने गिळले. तिच्या चेहऱ्याकडे पाहिले.

"मीठ बरोबर आहे," तो म्हणाला, आणि दुसरा तुकडा मोडला.